सुपारीचं गाणं कोण म्हणणार?

होळी मागं पडली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जत्रा कमिट्यांच्या बैठका सुरू होतात. देवळाच्या ओट्यावर वर्गणीची वही उघडते, पट्टी ठरते आणि छबिन्याच्या जोडीनं विषय निघतो तो तमाशाचा. कुणाचा फड आणायचा, शेजारच्या गावानं गेल्या साली कुणाला आणलं होतं, यंदा सुपारी किती चढली. मग दोन-चार जाणती माणसं गाडी काढून नारायणगाव गाठतात. तिथं फडमालकांच्या राहुट्या पडलेल्या असतात. घासाघीस होते, विसार दिला जातो, तारीख पक्की होते. ठरल्या रात्री गण होतो, गवळण होते, बतावणी रंगते, वग उभा राहतो. राजा-प्रधानापासून सासू-सुनेपर्यंत आणि सरपंचापासून मंत्र्यापर्यंत कुणाचीही गय केली जात नाही. पण ही रात्र कितीला ठरली, त्यातले ढोलकीवाल्याच्या हातात किती पडणार, नाचणाऱ्या पोरीनं मालकाकडून घेतलेली उचल अजून किती फिटायची आहे, यावर सहसा गाणं होत नाही. सोंगाड्या सरदाराकडं पगार मागून हशा पिकवतो, तेवढंच. हशा विरला की विषयही संपतो.

पश्चिमेच्या रॉक संगीतानं नेमका हाच विषय उचलला आणि आडपडदा न ठेवता गाण्यात आणला.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातला लिनर्ड स्किनर्ड हा बँड. एमसीए कंपनीशी करार झाल्यावर १९७४ मध्ये त्यांनी ‘वर्किंग फॉर एमसीए’ हे गाणं काढलं. कंपनीचं नाव थेट शीर्षकात आणि करारापोटी मिळालेला नऊ हजार डॉलरचा आकडा गाण्याच्या ओळीत. इंग्लंडच्या किंक्स बँडनं त्याआधीच, १९७० मध्ये, अख्खा अल्बम संगीताच्या धंद्यावर केला होता. त्यातल्या ‘द मनीगोराउंड’ या गाण्यात रे डेव्हिस आपल्या व्यवस्थापकांची पहिली नावं घेऊन, पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेला याचा हिशेब मांडतो. पिंक फ्लॉइडच्या १९७५ च्या ‘हॅव अ सिगार’मध्ये कंपनीचा एक बडा माणूस पोरांची तोंडभरून स्तुती करतो, आणि तुमच्यातला पिंक कोण, असं विचारतो. बँडमध्ये पिंक नावाचं कुणी नव्हतंच. ज्यांच्या जिवावर कमवायचं त्यांची नावंही ठाऊक नाहीत, हे त्या एका प्रश्नातून उघडं पडतं. सेक्स पिस्टल्सनी तर १९७७ मध्ये आपल्याला काढून टाकणाऱ्या ईएमआय कंपनीचंच नाव गाण्याला दिलं.

यांतला सगळ्यात बोलका माणूस जॉन फॉगर्टी. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचा गायक आणि गीतकार. १९६९ मध्ये त्यानं ‘लोडाय’ हे गाणं लिहिलं. कॅलिफोर्नियातल्या शेतीवाडीच्या एका लहान गावात अडकून पडलेला गवई, खिशात परतीचं भाडं नाही, समोरचे श्रोते आपल्याच नादात. हे गाणं इंदापूरच्या एखाद्या बँडवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. ते लिहिलं तेव्हा फॉगर्टी यशाच्या शिखरावर होता, पण पुढं त्याच्यावरच पाळी आली. फँटसी या कंपनीशी केलेल्या करारातून सुटण्यासाठी त्याला जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीवर पाणी सोडावं लागलं. संतापून त्यानं कित्येक वर्षं स्वतःचीच गाणी कार्यक्रमात म्हटली नाहीत. १९८५ मध्ये त्यानं कंपनीचा मालक सॉल झेंट्झ याच्यावर बोचरं गाणं केलं, तर मालकानं दावा ठोकला आणि गाण्यातलं नाव एका अक्षरानं बदलावं लागलं. त्यावरही कंपनी थांबली नाही. तुझं नवं गाणं तुझ्याच जुन्या गाण्यासारखं आहे आणि जुन्याचे हक्क आमच्याकडं आहेत, असा तिचा आणखी एक दावा. १९८८ मध्ये फॉगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि आपण गाणं कसं रचतो हे त्यानं ज्यूरीला वाजवून दाखवलं. निकाल त्याच्या बाजूनं लागला. वकिलाच्या खर्चाचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये तिथंही त्याचीच सरशी झाली. जुन्या गाण्यांच्या हक्कांचा मोठा हिस्सा मात्र त्याला २०२३ मध्ये परत मिळाला, वयाच्या ७७ व्या वर्षी.

पैशापलीकडचं जगणंही या गाण्यांत आलं. बॉब सीगरच्या ‘टर्न द पेज’मध्ये दौऱ्यावरचा लांब केसांचा गायक एका खानावळीत शिरतो आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर रोखल्या जातात. जॅक्सन ब्राउननं १९७७ मध्ये ‘द लोड-आउट’ हे गाणं कार्यक्रमानंतर सामान बांधणाऱ्या, ट्रक भरणाऱ्या कामगारांना वाहिलं. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी बँडनं वरपर्यंतचा रस्ता किती लांब आहे हे सांगणारं गाणं १९७६ मध्ये मेलबर्नच्या भर रस्त्यात, चालत्या ट्रकवर उभं राहून चित्रित केलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर की-बोर्ड बांधून वरातीत वाजवणाऱ्या आपल्याकडच्या बेंजो पार्टीला त्या चित्रणात स्वतःची ओळख पटेल.

या गाण्यांनी लगेच न्याय मिळवून दिला असं नाही. पण त्यांनी श्रोत्याला धंद्याची अक्षरओळख करून दिली. अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, तो पुढच्या कमाईतून वळता होतो. रेकॉर्ड लाखांनी खपली तरी गाणारा कर्जात राहू शकतो, हे तिकडच्या पोरांना कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, गाण्यांतून कळलं.

अ‍ॅडव्हान्सची ही रीत बारामती-इंदापूरच्या माणसाला नवी नाही. ऊसतोडीची टोळी दरवर्षी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर येते ती मुकादमाकडून उचल घेऊनच. हंगामभर कोयता चालवून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या सालाला बांधून घ्यायचं. तमाशाच्या फडातही हाच शब्द आणि हाच व्यवहार. कलावंत मालकाकडून उचल घेतो, मालक जत्रांच्या भरवशावर सावकाराकडून उचलतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत राहतो. तेवढ्या महिन्यांत अवकाळी पाऊस, निवडणुकीची आचारसंहिता, गावातलं एखादं मयत, काहीही आडवं आलं तरी उचल अंगावर राहते. २०२० आणि २०२१ चे जत्रांचे हंगाम करोनानं बुडवले, तेव्हा हे कर्ज किती खोल आहे हे वर्तमानपत्रांतून पहिल्यांदा बऱ्याच जणांच्या कानावर आलं. ऊसतोड कामगारांच्या उचलीवर मराठीत कथा आहेत, कविता आहेत, संघटनांचे लढे आहेत. तमाशातल्या उचलीवर कलावंतानं स्वतः रचलेलं आणि गावोगावच्या तोंडी बसलेलं गाणं शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

याचं एक कारण खूप जुनं आणि आदराचं आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. बारामतीचा मुक्काम झाला की काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. कीर्तन करावं त्या ठिकाणी अन्नही घेऊ नये, असं तुकोबांनी बजावलं आहे. पैसे देणारा आणि घेणारा या दोघांनाही त्यांनी दोषी ठरवलं आहे. भक्तीच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण ती शिकवण हळूहळू सगळ्याच गाण्याबजावण्याला लागू झाली. गाणाऱ्यानं पैशाचं बोलू नये, बोलला तर तो कलेचा नाही, असा समज घट्ट झाला. २०२३ मध्ये नृत्यांगनेची सुपारी मोठी की कीर्तनकाराची बिदागी, यावर महाराष्ट्रभर वाद रंगला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कामाचा मोबदला नेमका कसा ठरतो हे कुणी मांडलं नाही. फक्त आकड्यांवर तोंडसुख घेतलं गेलं.

गंमत म्हणजे स्वतःच्या धंद्याविषयी उघड गाण्याचं धाडस मराठीत दाखवलं तेही तुकोबांनीच. दुकानाचं दिवाळं निघालं, दुष्काळात बायको अन्नाविना गेली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हे त्यांनी अभंगात सांगितलं आहे. वारकरी ते अभंग चालीवर म्हणत याच रस्त्यानं चालतात. वाणसौद्यात बुडालेला माणूस आपलं बुडणं गाऊ शकतो, तर फडात बुडालेल्यानं का गाऊ नये?

दुसरं कारण आदराचं नाही. ढोलकी, हलगी, सनई, तुणतुणं ज्यांच्या हातात आलं त्या जाती गावकुसाबाहेरच्या. महार, मांग, कोल्हाटी. पाचट पेटवून हलगी शेकणाऱ्या माणसाकडं गाव आजही कसं बघतं ते कुठल्याही मिरवणुकीत दिसतं. कातडं ताणलं की नाही हे तो बोटाच्या एका टिचकीनं ओळखतो, थंडीत ते सैल पडलं की पुन्हा जाळाशी जातो, टिपरीचा ठेका न चुकवता तीन-तीन तास पुढं चालतो. नाचणारे त्याच्यासमोर नोट ओवाळतात, पण त्याचं नाव विचारत नाहीत. अशा माणसानं मजुरीचा प्रश्न गाण्यात आणायचा म्हणजे पुढच्या सालची सुपारी धोक्यात घालायची.

कविता आणि आश्रय यांचं नातं बारामतीला तसं जुनंच. पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) इथं राहिले ते बाबूराव नाईकांच्या आश्रयानं. पोटाची चिंता मिटली म्हणून आर्यांचा एवढा मोठा डोंगर उभा राहिला. सोलापूरचा शाहीर राम जोशी त्यांना मानणारा. त्यानं लावण्या रचल्या, तमाशात उभा राहिला, पुढं कीर्तनाकडं वळला आणि मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. म्हणजे एकाला वाड्याचा आश्रय होता, दुसऱ्याला बैठकीच्या प्रेक्षकाची मर्जी सांभाळायची होती. या राम जोशीवर १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला, तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी. त्याच गदिमांच्या नावाचं मोठं सभागृह आज बारामतीत विद्या प्रतिष्ठानमध्ये आहे. या गावाला हा वारसा आठवून देण्याची गरज पडू नये.

चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर हेही मान्य करायला हवं की कलावंताचं दुःख मराठी पडद्यानं भरभरून दाखवलं. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२), आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ (२०१०). जगदीश खेबुडकर, गुरू ठाकूर यांच्यासारख्या गीतकारांनी त्यात जीव ओतला. पण ही सगळी बाहेरून पाहणाऱ्यांची निर्मिती. तिच्यात कलावंताची कुतरओढ प्रेमात, अब्रूत, व्यसनात दिसते. वहीतल्या हिशेबात क्वचित. भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीतबारी’ या २०१४ च्या पुस्तकानं थिएटरमधल्या बायकांना स्वतःच्या शब्दांत बोलतं केलं, दौलतजादा कशी वाटली जाते इथपर्यंत. ते काम मोलाचं आहे. तरी पुस्तक वाचणारे वेगळे आणि जत्रेत मांडी घालून बसणारे वेगळे.

नाव न मिळण्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. जुन्या शाहिरांना कायदा माहीत नव्हता, पण आपली मालकी कशी सांगायची हे पक्कं ठाऊक होतं. लावणीच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफत. पठ्ठे बापूरावांचं (१८६६–१९४५) नाव आजही टिकून आहे त्यात या रिवाजाचा वाटा मोठा. कॅसेटचा जमाना आला आणि चक्र उलटं फिरलं. शेवटचं कडवं वेळेअभावी गाळायचं, आणि वेष्टनावर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ छापायचं. एकरकमी पैसे द्यायचे, कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, पुढं लाख कॅसेटी खपोत. प्रल्हाद शिंदे, छगन चौगुले यांचे आवाज इंदापूरच्या प्रत्येक ट्रॅक्टरवर आणि रसवंतीगृहात याच काळात पोहोचले. चौगुले तर शेजारच्या माळशिरस तालुक्यातले, खंडोबा-बाणाईची गाणी घरोघरी नेणारे. मे २०२० मध्ये करोनानं ते गेले. त्यांचं गाणं ऐकलं नाही असं धनगरवाड्यावरचं घर सापडणं कठीण. पण ती गाणी कुणी रचली, चाल कुणाची, हे सांगू शकणारा माणूस तेवढाच दुर्मीळ.

हक्काचं भांडण मोठ्यांनाही सोपं गेलं नाही. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकाला रेकॉर्डच्या विक्रीत वाटा हवा म्हणून आग्रह धरला. मोहम्मद रफींना तो पटला नाही आणि दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांबाबत १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूनं गेला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हा कुठं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करार करूनही कायमचा लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. गायक-वादकांच्या हक्कालाही बळ मिळालं. कायदा फडातल्या माणसालाही लागू आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व बारामतीच्या गीतकारालाही मिळू शकतं. पण ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली ज्याचं नावच पुसलं गेलं, तो दाद कुणाकडं मागणार? आता यूट्यूबवर तर एखाद्या पोरानं आजोबाची गवळण टाकली तरी कुठल्याशा कंपनीचा दावा येऊन पडू शकतो.

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं उदाहरण इथं टाळता येत नाही. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, १९५७ आणि १९९० मध्ये. प्रयोग चालू असताना कनातीमागं बाळंत होऊन, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली ही बाई. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांपुढं हात पसरायची वेळ आलेली होती. त्यांच्या नावानं राज्य सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. ज्येष्ठ कलावंतांना पन्नाशीनंतर दरमहा ५ हजार रुपये मानधनाचीही योजना आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण कलावंत उभारीत असताना त्याच्या कामाचा दाम चोख मिळाला, तर म्हातारपणी अर्ज घेऊन रांगेत उभं राहायची पाळी कमी जणांवर येईल. विठाबाईंच्या बाळंतपणाची कथा शेकडो भाषणांत सांगितली जाते. त्या रात्री गरोदर बाईला बोर्डावर उभं राहणं भाग का पडलं, हा प्रश्न त्या भाषणांत येत नाही. तो गाण्यात यायला हवा होता.

हे गाणं आता होऊ शकतं. साधनं हातात आहेत. बारामतीच्या कॉलेजातली पोरं मोबाइलवर रॅप रेकॉर्ड करतात, बीट स्वतः तयार करतात. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझीनं २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ काढलं आणि गल्लीचं जगणं गल्लीच्याच भाषेत देशभर नेलं. ‘लोडाय’सारखं गाणं भिगवणच्या एसटी स्टँडवर अडकलेल्या ट्रम्पेटवाल्यावर का होऊ नये? रात्री दहानंतर स्पीकर बंद करायचा नियम आहे. झोपलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दृष्टीनं तो योग्यच, पण रात्रभर चालणारा वग त्यापायी दीड-दोन तासांत आटपावा लागतो. त्यावर एखादी तिखट बतावणी का उभी राहू नये? नीरा ओलांडली की अकलूज आहे. तिथल्या लावणी स्पर्धेनं नव्वदच्या दशकात घरातल्या बायकांना लावणीसमोर आणून बसवलं आणि कलावंतिणींना मानाचा रंगमंच दिला. एका गावानं मनावर घेतलं तर चित्र बदलतं, याचा तो धडधडीत पुरावा आहे. तशीच एक स्पर्धा बारामतीनं किंवा इंदापूरनं फक्त नव्या रचनांसाठी घ्यावी: फडावर, बँडवर, हलगीवर, गजी ढोलावर जगणाऱ्यांनी स्वतःच्या कामाविषयी रचलेल्या गाण्यांसाठी. परीक्षकांत ढोलकीवाला असावा, प्राध्यापकही असावा. बक्षिसाबरोबर रचनाकाराच्या नावानं गाण्याची नोंद करून द्यावी. गदिमांचं सभागृह त्यासाठी एक दिवस मोकळं मिळालं तर त्याहून चांगला उपयोग कोणता?

आणि जत्रा कमिट्यांना एक विनंती. येत्या चैत्रात नारायणगावच्या राहुटीत बसाल, तेव्हा सुपारीचा आकडा ठरवण्याआधी फडात किती माणसं आहेत ते विचारा. ठरलेलं कागदावर लिहा, पावसानं कार्यक्रम बुडाला तर किती द्यायचे तेही लिहा. दुसऱ्या दिवशीची हजेरी फुकटात मागू नका. वर्गणीदारांची यादी माइकवरून वाचता, त्याच माइकवरून ढोलकी कोण वाजवतं आणि लावणी कुणी लिहिली, ही नावंही वाचा.